मधली फुली

४ फेब्रुवारी

आजपासून त्रिकुटाची सूत्रं माझ्या हातात. कुणी दिली नाहीत, मीच घेतली. कुणीतरी घ्यायलाच हवी होती.

डोकं ताळ्यावर राहावं म्हणून एकदा सगळं लिहून काढतो. आम्ही तीन भावंडं. ताई, मी, धाकटी. वीस वर्षं लोकगीतं गातो. तीन आवाज, तीन सूर एकमेकांत बसवलेले, वाद्य एकही नाही. धाकटीचा सूर वर, माझा खाली, ताई मध्ये. कुठल्या कंपनीच्या दावणीला कधी बांधून घेतलं नाही. रेकॉर्ड आमच्या आम्ही काढायच्या, कव्हरं घरी चिकटवायची, कार्यक्रम संपला की हॉलच्या दाराशी सुटकेस उघडून विकायच्या. लोक म्हणायचे, तोंडं तीन पण गळा एक. तो गळा कुणाचा हे मी कधी बोलून दाखवलं नाही. मोठेपणा.

ऑगस्टमध्ये ताई गेली. आजार एवढासा होता. ताई केवढी होती.

राहिलो दोघं. २८ तारखेला वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे, तो ताईनेच ठरवून ठेवलेला. धाकटी म्हणते, ताईने शब्द दिलाय म्हणून तेवढा करू, मग माझ्याकडून बंद. दोघांचं त्रिकूट होत नसतं. मी म्हणालो, बघू. मनात म्हणालो, अगं, तुझा भाऊ अजून धडधाकट आहे.

संकल्प: रोज सहाला उठून रियाज. मोबाइलवर सूर मोजायचं ॲप टाकलं. सूर बरोबर लागला की काटा मधोमध उभा राहतो. चढला की उजवीकडे जातो, उतरला की डावीकडे. धाकटीला उपयोगी पडेल.

५ फेब्रुवारी

सहाला जाग आली. उठलो पावणेनऊला. पडल्या पडल्या मनात गायलो. मनातला रियाज जास्त खोल जातो.

७ फेब्रुवारी

पहिली तालीम. भावोजींच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या, मागच्या खोलीत. भावोजी सोफे आणि गाद्या दुरुस्त करतात, त्यामुळे चारही भिंतींना छतापर्यंत फोम आणि कापडाचे गठ्ठे. त्या खोलीत टाळी वाजवली तर ती जिथल्या तिथे मरते. ताईने म्हणूनच ती निवडली होती. इथे जेवढं खरं आहे तेवढंच ऐकू येतं, म्हणायची. फरशीवर तिनेच चिकटपट्टीच्या तीन फुल्या मारल्यात. डावी धाकटीची, उजवी माझी, मधली तिची.

मी मधल्या फुलीवर जाऊन उभा राहिलो. सूत्रं ज्याच्या हातात त्याने कडेला का उभं राहायचं? धाकटीने नुसतं बघितलं. मी आपल्या फुलीवर परत आलो. तिथे उजेड बरा होता.

धाकटीने पाण्याचे तीन ग्लास भरून आणले. मग एक परत नेला. मग परत आणला. तो मी मधल्या फुलीपाशी सरकवून ठेवला. पायात यायला नको.

मिठागराचं गाणं घेतलं. 'पाणी गेलं, मीठ राहिलं.' तिसऱ्या ओळीला धाकटी एकदम थांबली. म्हणाली, ऐकलंस? ओळीच्या आधी कुणीतरी श्वास घेतला. मी म्हणालो, मीच घेतला असेन. ती म्हणाली, छे, ताईचा होता. तो नाकातला, बारीकसा. आणि मग आवाज आला, आपल्या दोघांच्या मधून.

मी तिला शांतपणे समजावलं की दोन मुरलेले आवाज नीट जुळले की तिसरा आपोआप ऐकू येतो, त्यामागे शास्त्र आहे. ती म्हणाली, शास्त्र श्वास घेतं का रे दादा?

मलाही ऐकू आला होता. घरी येईपर्यंत अंगावरचा काटा गेला नाही.

८ फेब्रुवारी

दुकानात दिवसभर विचार केला. (माझं चष्म्याचं दुकान. आज एक गृहस्थ नंबर वाढलेला मान्यच करेनात. त्यांना समजावलं की आपल्याला आपलं दिसत नाही, हेच आपल्याला दिसत नसतं. चष्मा न घेताच गेले.)

निष्कर्ष: ताई माझ्यासाठी येते. धाकटी तर बंदच करायला निघाली होती. पुढे झालो मी. ताईला ते कळलं असणार.

हिला सांगितलं. मला वाटलं बायको घाबरेल. ही कांदा चिरत म्हणाली, तुला सांभाळायला आली असेल, जिवंतपणी तरी ती दुसरं काय करत होती? बायको एरवी कौतुक करत नाही. बरं वाटलं.

१० फेब्रुवारी

रियाजाला बसलो. सहाला नाही, दुकान बंद केल्यावर. ॲपचा काटा डावीकडे. दुसरी ओळ घेतली, आणखी डावीकडे. ॲप बिघडलेलं निघालं. काढून दुसरं टाकलं. तेही बिघडलेलं. तिसरं टाकलं. सगळे एकाच माळेचे मणी. तिघांनाही एकेक स्टार दिला आणि सविस्तर लिहिलं.

ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी नाचायचं नावही काढलं नव्हतं.

११ फेब्रुवारी

फोनचा माइक खराब असणार म्हणून शेजारच्या मोबाइलवाल्याकडे नेला. त्याने ॲप उघडून शिट्टी वाजवली. काटा मधोमध, हलेना. म्हणाला, माइकला काही झालेलं नाही साहेब. मी म्हणालो, शिट्टी वेगळी, गाणं वेगळं. त्याने मान डोलावली. जाणकार दिसला.

१३ फेब्रुवारी

धाकटीला न विचारता तिसरा आवाज बघितला. गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या एक बाई. धाकटी आधी भडकली, मग म्हणाली, ऐकायला काय जातंय. बाईंना मधल्या फुलीवर उभं केलं. धाकटी तोंड फिरवून उभी राहिली.

आम्ही दोघांनी सूर धरला आणि बाई गायला लागल्या. आवाज म्हणजे घासून लख्ख केलेलं भांडं. दोन ओळी झाल्या आणि थांबल्या. घसा साफ केला, पुन्हा सुरुवात. पुन्हा थांबल्या. म्हणाल्या, माझ्या कानाशी ज्या बाई गातायत ना, त्या हळूहळू खाली उतरतायत, त्यांच्याबरोबर मीही घसरतेय, त्यांना जरा लांब उभं राहायला सांगाल का?

धाकटीने गर्रकन तोंड वळवलं.

बाईंनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. खोलीत आम्ही तिघंच आणि भिंतीला टेकवलेला एक अर्धा उसवलेला सोफा. मग म्हणाल्या, मला एक काम आठवलं. छत्री विसरून गेल्या. हाका मारल्या तरी वळल्या नाहीत.

धाकटी त्या फुलीजवळ खाली बसली आणि फरशीवर हात ठेवून रडली. ऑगस्टपासून पहिल्यांदा. म्हणाली, म्हणजे आहे ती. मला वेड नाही लागलेलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ तिथेच राहू दिला. दिवसभर चष्मे उचलून ठेवून हात दुखतात, टेकवलेला बरा.

१७ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग. ताई असतानाच ठरलं होतं की नवी रेकॉर्ड काढायची. मी म्हणालो, तिचा आवाज येतोय तोवर पकडून ठेवू. धाकटीला पटलं. माझं कुठलंही म्हणणं तिला पटण्याची ही दुसरी वेळ.

साउंडवाला आपली यंत्रं घेऊन आला. म्हणाला, एकेकट्याचं घेऊ. आधी धाकटी गेली. खोलीत एकटी, कानाला हेडफोन, मिठागराचं गाणं अथपासून इतिपर्यंत. साउंडवाल्याने वाजवून दाखवलं. धाकटी, फक्त धाकटी. स्वच्छ.

मग मी. वाजवलं. साउंडवाल्याच्या कपाळाला आठी. परत वाजवलं. म्हणाला, आत कोण होतं? माझ्या आवाजाच्या वर, अगदी चिकटून, एक बाईचा आवाज. आणि तिसऱ्या ओळीच्या आधी तो श्वास. त्याने वायरी तपासल्या, माइक बदलला, दार लावून बाहेर स्वतः उभा राहिला. पुन्हा गायलो. पुन्हा आली.

सिद्ध झालं. ताई माझ्याकडेच येते.

धाकटीचा चेहरा बघवेना. म्हणाली, मी ऑगस्टपासून एकटी गातेय रे. बाथरूममध्ये गाते, गच्चीवर गाते, या खोलीत भावोजी बाहेर गेले की येऊन गाते. एकदाही नाही आली. जुन्या रेकॉर्डमध्ये ती आहे, पण ती तिथेच आहे, माझ्याशेजारी नाही. माझ्या उजव्या कानात असायची ती. तुझ्याकडे येते आणि माझ्याकडे का नाही?

मी म्हणालो, मनाला लावून घेऊ नकोस, हे ज्याचं त्याचं गाणं असतं. का कोण जाणे, तिने माझ्याकडे फोमचा तुकडा भिरकावला. मी माफ केलं.

१९ फेब्रुवारी

भावोजींना ऐकवलं. ऐकवावं की नाही कळत नव्हतं, पण त्यांनीच मागितलं. हातातलं स्टेपलर बाजूला ठेवलं, हेडफोन लावले, डोळे मिटले. गाणं संपलं तरी काढेनात. मग म्हणाले, हो, हीच. स्वयंपाकघरात अशीच गायची. तालमीच्या आधी मागच्या तालमीतली तुझी रेकॉर्ड लावून बसायची ना, तेव्हा.

मी म्हणालो, माझी?

म्हणाले, तुझीच रे. चार-चारदा ऐकायची. कागदावर खुणा करायची. या ओळीला तो खाली येतो, इथे आणखी खाली, इथे मी त्याला धरते आणि धाकटीला हळूच सोबत घेते, म्हणजे कुणाला कळत नाही. मी म्हणायचो, अगं, सांगून टाक त्याला. म्हणायची, नको, सांगितलं तर घाबरून गाणंच सोडेल. त्यापेक्षा मी वाकते, माझं काय जातंय.

एवढं बोलून ते सोफ्याकडे वळले. पाठ माझ्याकडे होती. खांदे हलत होते.

घरी येऊन हिला सांगितलं: ताई मोठी असून माझ्या गाण्याचा घरी बसून अभ्यास करायची. टिपणं काढून! हिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, जेवायला वाढते.

२१ फेब्रुवारी

आज धाकटीने कहर केला. आमच्या सगळ्या जुन्या रेकॉर्ड घेऊन आली आणि तिच्या फोनवरचं ॲप. (तिचंही बिघडलेलंच असणार, त्याच दुकानातला फोन.) प्रत्येक गाण्याची सुरुवात लावायची, मग शेवट. प्रत्येक गाणं जिथे सुरू होतं त्याच्या खाली संपतं. प्रत्येक. तिघंही एकत्र, इतके सावकाश उतरतो की कानाला पत्ता लागत नाही. जिना उतरल्यासारखं नाही, उतारावरून हात धरून चालल्यासारखं.

ती म्हणाली, लोक लिहायचे ना, यांच्या गाण्यात आतून काहीतरी ओढ आहे, काळीज खाली खाली जातं? दादा, ते काळीज नव्हतं. तो तू होतास.

मी म्हणालो, ही आपली शैली आहे. नकळत का होईना, माझ्यामुळे रुजली. आभार मानायचे सोडून तू हिशेब काढतेस.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, ती तुझ्यासाठी येत नाही रे. तू पडतोस म्हणून येते.

मग म्हणाली, शेवटचा कार्यक्रम आहे, एकदा तरी मला सुरात गायचंय. तू हळू गा. नाहीतर नुसते ओठ हलव.

ओठ हलव! वीस वर्षं खालचा सूर सांभाळणाऱ्या माणसाला!

संकल्प: धाकटीशी बोलायचं नाही. तालमीपुरतं बोलायचं.

२२ फेब्रुवारी

पहाटे उठलो. खरंच उठलो. ॲपची खोड मोडायची म्हणून बसलो. बिघडलेलं ॲप बरोबर दाखवेपर्यंत गायचं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, हनुवटी खाली, पोट आत. काटा डावीकडे. ही आंघोळीला जाता जाता म्हणाली, शेवटाला श्वास सोडून देतोस, तिथे पडतोस. मी म्हणालो, तुला काय कळतं? ती गेल्यावर शेवटाला श्वास धरून बघितला.

२५ फेब्रुवारी

काटा मधोमध! एक अख्खी ओळ! हिला हाका मारून बोलावलं. तिने हात पुसत पुसत फोन धरला आणि मी पुन्हा गायलो. पुन्हा मधोमध. ही हसली, अगदी लग्नात हसली होती तशी. ॲप सुधारलं म्हणायचं.

एक मात्र झालं. तिसऱ्या ओळीच्या आधी मी थांबलो. सवयीने. काही ऐकू आलं नाही. नळ गळत होता तेवढाच.

दुपार होती. ताई दुपारी झोपायची.

२७ फेब्रुवारी

तालीम. मी सुरात. धाकटी थक्क. मध्ये कुणी नाही. पुन्हा गायलो, पुन्हा कुणी नाही. धाकटी म्हणाली, उद्यासाठी आवाज राखून ठेवत असेल. मीही म्हणालो, हो, तसंच असेल. निघताना दोघांनीही मधल्या ग्लासकडे बघायचं टाळलं.

२८ फेब्रुवारी, घरी आल्यावर

हॉल भरला होता. भावोजींनी स्टेजच्या फळ्यांवर गुडघे टेकून तीन फुल्या मारल्या, मापाने, त्या खोलीत होत्या तशाच. ते पहिल्या रांगेत बसले. इस्त्रीचा शर्ट. तिला भेटायला आल्यासारखे.

मी आयुष्यात इतकं चांगलं गायलो नाही. हे मी नेहमीच लिहितो, पण आज खरंच. एकही ओळ पडली नाही. पहिलं गाणं संपलं, टाळ्या. धाकटीने मध्ये बघितलं. दुसरं संपलं, टाळ्या. मध्ये बघितलं. भावोजी कान पुढे करून बसले होते. तिसऱ्याला ते मागे टेकले.

मधल्या वेळात मागच्या बोळात, रचून ठेवलेल्या खुर्च्यांपाशी, धाकटीने माझी बाही धरली. डोळे भरलेले. म्हणाली, दादा, घसर ना रे. थोडासा. तुझ्या पाया पडते.

वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला बेसूर गा म्हणालं.

शेवटी मिठागराचं गाणं. मी जीव तोडून घसरायला गेलो. जमेना! खाली यायचं म्हणजे नेमकं कुठे यायचं, कळेचना. कधी मुद्दाम आलोच नव्हतो. ओळ ताणली, श्वास सोडला, मान वाकडी केली. सूर ढिम्म. हट्टी घोड्यासारखा मधोमध उभा. 'पाणी गेलं, मीठ राहिलं.' तिसरी ओळ आली. मी थांबलो, धाकटी थांबली. हॉलभर शांतता. कुणी श्वास घेतला नाही.

मधली फुली रिकामी होती. ऑगस्टमध्ये गेली नव्हती तेवढी ताई आज गेली. मीच घालवली. काटा मधोमध ठेवून घालवली.

दाराशी सुटकेस उघडून बसलो. एक नेहमीच्या बाई रेकॉर्ड घेता घेता म्हणाल्या, आज फार स्वच्छ झालं हं. पूर्वी मला रडू यायचं. भावोजी माझ्या पाठीवर हात ठेवून पायीच घरी गेले. धाकटी म्हणाली, झालं तर मग, ठरल्याप्रमाणे बंद. मी म्हणालो, बरं.

हिने आल्याबरोबर पाणी दिलं. विचारलं, कसं झालं? म्हणालो, उत्तम.

१ मार्च, सकाळी

दुकान बंद ठेवलं. ही बाहेर गेली. रियाज नाही, ॲप नाही, संकल्प नाही. सिंकमध्ये कालची भांडी होती ती घासायला घेतली. डोळ्यांत साबण जात होता. तोंडात काहीतरी हवं म्हणून गुणगुणायला लागलो, तेच, मिठागराचं. लक्ष कढईच्या बुडाशी होतं. लागलेलं निघत नव्हतं.

तिसऱ्या ओळीच्या आधी, माझ्या डाव्या कानाशी, नाकातून बारीकसा श्वास.

वळलो नाही. कढई घासत राहिलो, गात राहिलो. सूर पडत होता, मला स्वतःला ऐकू येत होता, पहिल्यांदाच, दगडासारखा खाली चाललेला. आणि ती पडत नव्हती. ती येत होती. जिथे मी, तिथे ती, एक पाऊल वर, वाकून. ताई गं. अख्खं आयुष्य तू वाकून काढलंस, आणि मला वाटायचं मीच उंच आहे.

गाणं न सोडता हात पुसला आणि धाकटीला फोन लावला. दोन ओळींच्या मध्ये सांगितलं, ताबडतोब ये, मी फार वाईट गातोय. पलीकडून पायात चपला सरकवल्याचा आवाज. म्हणाली, निघालेच, थांबू नकोस.

भावोजींनाही फोन केला. त्यांना काही सांगावं लागलं नाही. फोन तसाच ओट्यावर धरून ठेवला, त्यांनी ऐकलं.

हे एका हाताने लिहितोय. गाणं चालू आहे. शेजाऱ्यांनी दोनदा भिंत ठोकली. ठोकू देत.